नक्षत्रावर फुलणारी बाग

२०२२ सालचा दसरा ५ ऑक्टोबरला आला. सकाळी परडी घेऊन अंगणात गेले, तर शेवंतीच्या अकरा कुंड्यांत मिळून एकही फूल उमललेलं नव्हतं. कळ्या भरपूर होत्या, पण सगळ्या मिरीच्या दाण्याएवढ्या, हिरव्या आणि टणक. देवीचा हार बाजारातून आणला. पुढच्या वर्षी दसरा २४ ऑक्टोबरला होता. कुंड्या त्याच, माती तीच, शेणखत त्याच गोठ्यातलं. आणि त्या सकाळी निम्म्याहून अधिक कुंड्या पिवळ्या झालेल्या. आपला हात बसला, या समजुतीत मी दोन दिवस खुशीत होते. मग पंचांग चाळताना कारण कळलं. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, त्यामुळे पुढचे सगळे सण लांबले होते. शेवंती तिच्या वेळेलाच फुलली होती. एकोणीस दिवस सरकला होता तो दसरा.

हे पुस्तक त्या एकोणीस दिवसांतून निघालं आहे.

आपल्याकडे दोन कालगणना शेजारी शेजारी नांदतात. सण तिथीवर, म्हणजे चंद्रावर चालतात. शेती मात्र नक्षत्रावर चालते, आणि पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात. मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतं, हस्त २७ सप्टेंबरच्या सुमाराला, चित्रा १० ऑक्टोबरच्या आसपास, स्वाती २४ ऑक्टोबरच्या. अधिक महिना आला म्हणून मृग कधी पुढे जात नाही. आमच्या आजोळी कोणत्या तिथीला पेरलं हे कुणी सांगत नसे. मृगात पेरलं की आर्द्रात, एवढंच बोललं जाई. हादगासुद्धा सूर्य हस्तात आला की बसतो. ज्यांचं पोट मातीवर होतं त्यांनी झाडांचा हिशेब सूर्याशी बांधला होता. बागेत उतरताना आपण तो विसरतो. गणपतीला ही फुलं हवीत, दसऱ्याला ती, लक्ष्मीपूजनाला आणखी कुठली, असं ठरवून रोपं आणतो आणि झाडाने तारीख चुकवली की त्याला नावं ठेवतो.

शरदात रंगणारी, वर्षानुवर्षं एकाच जागी टिकणारी झाडं निवडायची, तर फुलाचा रंग बघण्याआधी ते झाड सूर्याचं काय आणि पावसाचं काय ऐकतं हे बघायला हवं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढची पानं म्हणजे त्याचा तपशील.

आधी सूर्याचं बघू. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत, कुंपणाला लागून, पांढऱ्या प्रकाशाचा नवा दिवा लागला. रात्री अंगणात वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड. त्या वर्षी ऑक्टोबर संपला, कार्तिक लागला, तरी कुंपणालगतच्या शेवंत्या पानांनीच वाढत राहिल्या. उंच, हिरव्यागार, तजेलदार, आणि कळीचा पत्ता नाही. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला तीन कुंड्या होत्या. मुळाशी फुटलेल्या त्याच काश्यांपासून, एकाच दिवशी लावलेल्या. त्या मात्र फुलांनी वाकल्या होत्या. मी कुंपणालगतच्या दोन कुंड्या उचलून टाकीमागे नेल्या आणि वाट बघितली. थंडी पडू लागल्यावर त्यांच्या शेंड्यांवर पहिल्या कळ्या दिसल्या. जागेवर राहिलेल्या कुंड्या तेव्हाही हिरव्याच होत्या.

यामागचं कारण शंभर वर्षांपूर्वी उलगडलेलं आहे. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अलार्ड हे दोन शास्त्रज्ञ तंबाखूच्या एका जातीने हैराण झाले होते. उन्हाळ्यात ती शेतात माणसापेक्षा उंच वाढे, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात लहानसं रोपही फुलून येई. त्यांनी ऊब, ओल, खत सगळं तपासलं आणि शेवटी दिवसाच्या लांबीवर बोट ठेवलं. उन्हाळ्यात रोपं दुपारीच अंधाऱ्या खोलीत नेऊन ठेवली, तर ती फुलली. १९२० मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवलं की अशी झाडं खरं तर रात्र मोजतात. त्यांचा प्रयोग होता काटेरी फळांच्या एका तणावर, आपल्याकडेही पडीक रानात कपड्यांना चिकटतं तेच. लांब रात्रीच्या मधोमध थोडा वेळ दिवा लावला, तरी ते फुलत नाही. शेवंती याच जातकुळीतली. पॉलिहाऊसमधले शेतकरी याच गुणावर तिला वर्षभर बाजारात आणतात: फुलं लांबवायची तर रात्री दिवे, लवकर हवी तर काळं कापड ओढून दिवस तोकडा करायचा.

पुण्या-साताऱ्याच्या अक्षांशावर वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा असतो. लंडनमध्ये हाच फरक जवळजवळ नऊ तासांचा आहे. आपल्याकडे दिवस इतका हळू आखडतो, की आपल्याला तो जाणवतही नाही. झाडाला जाणवतो. शेवंतीच्या प्रत्येक जातीची मर्यादा थोडी वेगळी, त्यात ऑक्टोबरचा उकाडा काही जातींना आणखी मागे खेचतो. म्हणून एकाच अंगणात एक जात हस्तात रंग धरते आणि दुसरी दिवाळी उलटल्यावर. या फरकाकडे दोष म्हणून बघू नका. तीन वेगवेगळ्या वेळांच्या जाती शेजारी लावल्या की दसरा लवकर येवो की उशिरा, काही ना काही हाताशी लागतं. मी आता तसंच करते.

आता एका शब्दाबद्दल बोलायला हवं, कारण त्याच्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच हौशी माणसांचे पैसे वाया गेले आहेत. इंग्रजी पुस्तकातल्या 'ऑटम'चं भाषांतर आपण शरद असं करतो. ऋतूंच्या रांगेत जागा जुळते, म्हणून शब्दही जुळवला. पण तिथला ऑटम म्हणजे उतार. पानं लाल-पिवळी होऊन गळतात, पहिलं दहिवर पडलं की जमिनीवरचं सगळं काळं पडतं. आपली पानगळ शिशिरातली. आपला शरद म्हणजे चार महिने पाणी प्यायलेल्या जमिनीचा भर. आभाळ धुतलेलं, तळी भरलेली, ऊन मात्र असं की दुपारी पाय भाजावेत. तिकडच्या बहुवर्षायू झाडांचा वरचा भाग थंडीने मरतो आणि मूळ बर्फाखाली झोपतं. आपल्याकडच्यांना झोपवते ती कोरड. मार्गशीर्षात किंवा माघात पानं वाळतात, आणि चैत्र-वैशाखात कुंडीत काहीच दिसत नाही.

म्हणून त्यांच्या याद्या जशाच्या तशा आपल्याकडे चालत नाहीत. ज्या झाडाला हिवाळ्यात गोठवणारी थंडी मिळाल्याशिवाय जाग येत नाही, ते आपल्याकडे एक-दोन वर्षं कसंबसं जगतं आणि जातं. काही मात्र येतात. गोल्डन रॉड मूळचा उत्तर अमेरिकेचा. पिवळ्या धुरासारखे त्याचे तुरे आपण प्रत्येक पुष्पगुच्छात बघतो, आणि ते आपल्या मातीत जमिनीखालून पसरत राहतात, इतके की दर दोन वर्षांनी खणून निम्मे काढावे लागतात. फुलबाजारात ज्याला नुसतं डेझी म्हणतात ते बारीक पांढरं-जांभळं फूलही तिकडचंच. इंग्लंडमध्ये ते २९ सप्टेंबरच्या सेंट मायकेलच्या सणाला फुलतं म्हणून त्याचं नाव त्या सणावरून पडलं. तो सण सूर्याच्या तारखेवर बसवलेला असल्यामुळे त्यांचं फूल आणि सण यांची चुकामूक होत नाही. त्यांच्याकडून घ्यायची ती यादी नव्हे, नजर. न्यूयॉर्कच्या हाय लाइनवरची लागवड करणारे डच रचनाकार पीट आउडॉल्फ झाड निवडताना फुलाइतकंच, किंबहुना जास्तच, त्याच्या ठेवणीकडे बघतात. फूल नसताना ते कसं दिसतं, वाळल्यावर कसं उभं राहतं. हा प्रश्न आपण कोरांटीला विचारावा, कर्दळीला विचारावा. फूल वर्षातले दोन महिने असतं. उरलेले दहा महिने आपण झाडाकडेच बघत असतो.

पावसाचं गणित सूर्यापेक्षा अवघड आहे, कारण ते गावागणिक बदलतं. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात सुमारे सातशे. कोकणात जांभ्या मातीतून पाणी झरून जातं, देशावरच्या काळ्या मातीत ते आठवडाभर ठाण मांडून बसतं. शरदातल्या बहुतेक बहुवर्षायू झाडांचा घात ऑक्टोबरात होत नाही, तो आषाढ-श्रावणातच होऊन गेलेला असतो. आपल्याला तो उशिरा कळतो. शेवंतीचं मूळ दोन दिवस पाण्यात बुडालं की खालची पानं काळी पडतात, आणि मग वर कितीही खत घातलं तरी ती सावरत नाही. काळ्या मातीत शेवंती, अबोली, निशिगंध लावायचे असतील तर जमीन वीतभर उंच उचलून गादीवाफा करा आणि मातीत तिसरा हिस्सा बारीक मुरूम किंवा जाड वाळू घाला. कुंडी असेल तर तिला विटांवर ठेवा, म्हणजे तळाचं भोक मोकळं राहील. ही दोन वाक्यं या पुस्तकातली सर्वांत उपयोगाची आहेत, असं मला मनापासून वाटतं.

उलट काही झाडांना हेच साचलेलं पाणी हवं असतं. कोकणातल्या जुन्या घरांत मोरीचं पाणी जिथे बाहेर पडे तिथे अळू, कर्दळ आणि सोनटक्का असायचाच. कुणी बागरचना म्हणून तो लावला नव्हता. पाणी वाया जाऊ नये, डबकं होऊ नये, एवढाच हेतू. पण भाद्रपदात त्या वाटेने जाताना सोनटक्क्याचा वास येई, आणि तो वास दुपारचा नसे. दिवस कलला की पांढऱ्या, फुलपाखरासारख्या पाकळ्या उघडतात आणि तेव्हाच तो दरवळतो. आल्या-हळदीच्या कुळातलं हे झाड, तसाच गड्डा, तशीच लांब पानं. मूळचं पूर्व हिमालयाच्या बाजूचं, आणि हजारो कोस दूर क्युबाने त्याला आपलं राष्ट्रीय फूल मानलं आहे. फुलून गेलेला दांडा पुन्हा फुलत नाही; तो जमिनीपासून कापला की शेजारचा कोंब जोर धरतो. भर उन्हात लावलात तर पानांच्या कडा करपतील. अर्धी सावली आणि पायाशी ओल, बाकी काही तो मागत नाही.

कळलावीवर मी या पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्ची घातली आहेत. माझा जीव तिच्यावर जडला आहे, हे लपवून काय उपयोग. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासकडे जाताना श्रावणात ती झुडपांवर चढलेली दिसते. तिच्या पानाचं टोकच तंतूसारखं वळतं आणि शेजारच्या काटकीला विळखा घालतं. वेगळा तणावा नसतो. फूल उमलतं तेव्हा हिरवट, मग बुडाशी पिवळं आणि शेंड्याकडे लाल, आणि शेवटी सगळंच लालभडक. सहाही पाकळ्या लाटांसारख्या कडा घेऊन मागे, आभाळाकडे वळतात. पुंकेसर आडवे पसरतात, आणि मधला स्त्रीकेसराचा दांडा एकदम काटकोनात वळून बाजूला निघतो. त्या वळलेल्या पाकळ्यांमुळेच तिला गौरीचे हात म्हणतात. माझ्या कुंडीतली पहिली फुलं गौरी येतात तेव्हा असतात, आणि पाऊस चांगला असेल तर नवरात्रातही एखाद-दुसरं मिळतं. त्यानंतर महिन्याभरात वेल वाळते आणि नाहीशी होते.

इथेच पुष्कळ जणांची फसगत होते. कळलावी मेली असं समजून ते कुंडी रिकामी करतात. ती मेलेली नसते. खाली कंद असतो, नांगराच्या फाळासारखा किंवा इंग्रजी व्ही अक्षरासारखा दुबेळक्याचा, बोटाएवढा जाड. त्याच्या फक्त टोकाला डोळा असतो. खणताना ते टोक मोडलं की उरलेला कंद कितीही टपोरा असला तरी फुटत नाही. माझे दोन कंद असे गेले, तेव्हापासून मी खुरपं वापरत नाही, कुंडी आडवी करून हाताने माती सोडवते. आणि एक गोष्ट ठळक सांगायला हवी: हा कंद जहाल विषारी आहे. त्यात कोल्चिसिन असतं. बाळंतपणाच्या कळांशी तिचं नाव जोडलं गेलं आहे, पण त्या वाटेने जाऊन घरगुती औषध म्हणून तो कुणीही वापरू नये. लहान मुलं आणि गुरं-कुत्री पोचतील अशा जागी लावू नका, कंद हाताळल्यावर हात धुवा.

रानातून उपटून आणू नका, हेही याच ओघात सांगते. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे. त्या सड्यावर जांभ्याच्या कातळावरची माती काही ठिकाणी बोटभर जाडीची असते. तिथली गेंदाची आणि सीतेच्या आसवांची इवली फुलं त्या ओल्या कातळाशिवाय जगत नाहीत. चवराचा गड्डा तुमच्या गच्चीवर आणलात तर तो तिथे मरेल, आणि सड्यावर त्याची जागा रिकामी राहील. कळलावीचे कंद आणि बिया रोपवाटिकांत मिळतात, तिथूनच घ्या.

कोरांटीबद्दल थोडक्यात, कारण तिला सांगण्यासारखं फार लागत नाही. पिवळी काटेरी कोरांटी म्हणजे जुन्या लोकांची वज्रदंती, दात दुखला की तिची पानं चावायची. पाऊस सरला की फुलते, पाण्याविना राहते, खताकडे बघत नाही. शिशिर संपता संपता निर्दयपणे छाटा, तरच पुढच्या शरदात दाट येईल. निळसर-जांभळी कोरांटी तिच्या मानाने मवाळ, काटे नाहीत. या दोघींना मी कुंपणाच्या बाजूला, मागच्या रांगेत लावते. अंगणाला कडा मिळते आणि पुढच्या शेवंत्यांना आधार.

अबोली पुढे, उंबऱ्याजवळ. जी साडीच्या रंगाला नाव देऊन गेली तिची वेगळी ओळख नको. गोव्यात आणि दक्षिण कोकणात तिचा गजरा केळीच्या सोपाच्या दोऱ्यात विणतात, सुईशिवाय. तिचं वाळलेलं बोंड हातात धरून त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा: चट् आवाज होतो आणि बी लांब उडतं. पहिल्या पावसात ती आपली आपण पेरली जाते ती अशी. बाजारात जी भरदार नारिंगी अबोली मिळते तिला मात्र बी धरत नाही, तिचे छाटच लावावे लागतात. अबोलीच्या मुळांना सूत्रकृमींचा त्रास फार. रोप खुरटतं, पानं पिवळी पडतात आणि कारण दिसत नाही. दोन ओळींत एक झेंडूची ओळ लावा, त्याच्या मुळांमुळे ते आटोक्यात राहतात. झेंडू हंगामी असल्याने त्याला या पुस्तकात वेगळं प्रकरण नाही, पण अबोलीच्या प्रकरणात तो आला आहे.

गुलबक्षीची मला लहानपणापासून ओढ आहे. चार वाजले की उमलणारी, गाजरासारखं काळपट मूळ धरून वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्यात राहणारी. एका रोपावर पिवळी, गुलाबी आणि दोन्हींचे शिंतोडे उडालेली फुलं असतात, त्यामुळे मुलांना झाडाकडे वळवायला तिच्यासारखी दुसरी नाही. पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांच्या पानांची गुलबक्षी घेऊन कार्ल कॉरेन्स यांनी १९०९ मध्ये दाखवलं की पानांचा तो चट्टेरी गुण फक्त आईकडून, म्हणजे बी ज्या फांदीवर धरलं तिच्याकडूनच येतो. तुमच्याकडे अशी गुलबक्षी असेल तर हिरव्या फांदीचं बी आणि पांढऱ्या फांदीचं बी वेगळं पेरून बघा. पांढऱ्याची रोपं हरितद्रव्याअभावी आठवडाभरात मरतील, पण मुलांच्या लक्षात ते जन्मभर राहील.

गोकर्ण, कर्दळ आणि निशिगंध यांची प्रकरणं लहान ठेवली आहेत. ही झाडं सगळ्यांच्या ओळखीची. एवढंच सांगते की यांना एकत्र आणण्यामागे रंगाचा जो विचार आहे तो माझा नाही, घटाच्या माळांचा आहे. पुष्कळ घरांत पहिली माळ शेवंतीची असते, तिसरी गोकर्णाच्या निळ्या फुलांची, चौथी अबोलीची, सहावी कर्दळीची. घराघरांत क्रम बदलतो. पण पिवळा, निळा, केशरी, लाल असा तो ओघ ज्यांनी बसवला त्यांनी आपल्या परसात त्या दिवसांत काय फुलतं हे बघूनच बसवला असणार. त्या नऊ माळा एका अंगणातून निघाव्यात, ही या पुस्तकातल्या पहिल्या आराखड्याची कल्पना आहे. ऑक्टोबरच्या दुपारचं ऊन इतकं पांढरं असतं की त्यात फिका पिवळा आणि पांढरा विटल्यासारखे दिसतात. म्हणून गडद लाल आणि केशरी उन्हाच्या बाजूला, पांढरा सोनटक्का आणि निशिगंध जिथे आपण संध्याकाळी बसतो तिथे.

आता शेवंतीचं थोडं अधिक, कारण सुरुवात तिच्यापासून झाली होती. झिप्री, रेवडी, राजा, सोनाली तारा ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडची. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने अशा बुटक्या जातीही काढल्या ज्यांना शेंडे खुडावे लागत नाहीत आणि काठीचा आधारही लागत नाही; गच्चीवरच्या कुंड्यांना त्या उत्तम. बाकीच्या जातींना खुडणं चुकत नाही. रोप वीतभर झालं की अंगठ्याच्या नखाने शेंडा खुडायचा. नखाला हिरवा रस लागतो आणि दिवसभर हाताला तो कडसर, औषधी वास राहतो. पंधरा-वीस दिवसांनी फुटव्यांचे शेंडे पुन्हा. पोळ्याच्या आसपास मी थांबते. त्यानंतर खुडलंत तर कळ्याच खुडल्या जातील.

दिवाळीच्या तोंडावर रोपवाटिकेत तीस-चाळीस फुलांनी लगडलेली शेवंती लहानशा कुंडीत मिळते. ती घरी आणली की तीन आठवड्यांत उतरते आणि बहुतेक घरांतून कचऱ्यात जाते. तसं करू नका. काळ्या कापडाखाली दिवस तोकडा करून तिला फुलवलेलं असतं, नारळाच्या भुशात वाढवलेलं असतं. ती दमलेली असते, मेलेली नसते. फुलं वाळली की जमिनीपासून चार बोटांवर कापा, मातीच्या कुंडीत लावा, माघात मुळाशी काश्या फुटतील. त्या वेगळ्या करून सावलीत जपल्या की पुढच्या वर्षीची बाग तिथेच तयार झाली.

हे पुस्तक लिहिण्याचं दुसरं कारण म्हणजे ही दर वर्षीची आणून टाकण्याची सवय. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन जानेवारीत भरतं आणि आपली बागेची हौस त्या दिवसांत उफाळते. तेव्हा रोपवाटिकेत जे फुललेलं असतं तेच आपण उचलतो, आणि ती बहुतेक हिवाळी हंगामी झाडं असतात. फाल्गुनात ती संपतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, तसंच. मला तेरडा आवडतो. त्याच्या मुळासकट आणलेल्या गौरी आमच्याकडे अजून बसतात. पण दर वर्षी नव्याने सगळं आणायचं, यात पैसा जातो आणि जमिनीशी ओळख होत नाही. पिवळ्या कॉसमॉसची शिफारसही मी जाणूनबुजून टाळली आहे. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर तो असा पसरला आहे की खालच्या गवताला आणि रानफुलांना जागा उरलेली नाही. शोभेच्या घाणेरीबद्दलही माझं मत तेच.

पुस्तकाची प्रकरणं नक्षत्रांवर बेतली आहेत. रोहिणीत, म्हणजे मे संपता संपता, कुंड्या भरायच्या. मृगात कंद आणि छाट. पुष्य-आश्लेषाच्या पावसात फक्त पाण्याचा निचरा बघायचा, दुसरं काही करायचं नाही. त्या दिवसांत घातलेलं खत वाहून जातं. मघा-पूर्वात आधाराच्या काठ्या, आणि एकदा शेणखताची पातळ स्लरी. हस्तापासून पुढे वाचायचं कमी आणि बघायचं जास्त. परदेशी राहणाऱ्या वाचकांसाठी एक सूचना: तुम्ही न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये असाल तर हा आराखडा तुमच्या उपयोगाचा नाही. तिथे शेवंतीची थंडीला टिकणारी वाणं आणि डेझी खुशाल जमिनीत लावा, पण कळलावीचा कंद थंडी पडण्याआधी काढून कोरड्या भुशात, घरात ठेवा.

दिव्याजवळच्या त्या कुंड्यांचं काय केलं, असं कुणी विचारेल. दिवा रस्त्याला हवाच, रात्री त्याच वाटेने बायका कामावरून येतात. मी जागा बदलली. दिव्याखाली आता अबोली आणि कर्दळ आहेत, ज्यांना रात्रीच्या लांबीशी देणंघेणं नाही, आणि तिथल्या शेवंत्या टाकीमागे गेल्या आहेत.

हे लिहिते आहे ते दिवस वैशाखाचे आहेत. समोर सात कुंड्या नुसत्या मातीच्या, वरून रिकाम्या. प्रत्येकीत एक लाकडी पट्टी खोवून त्यावर झाडाचं नाव आणि कंदाचं टोक कुठल्या बाजूला आहे त्याचा बाण काढला आहे. काल संध्याकाळी वळवाची एक सर येऊन गेली. आज सकाळी चौथ्या कुंडीत, बाण होता त्याच बाजूला, माती नखाएवढी उचललेली दिसली.